गाळ्याचा लिलाव आणि दुपारचं ताट

तहसील कार्यालयासमोर, एस.टी. स्टँडच्या कुंपणाला लागून किंवा बाजारपेठेच्या तोंडाशी एक जुनं हॉटेल असतं. पाटीवर ‘उपाहारगृह’ असं लिहिलेलं असलं तरी बोलताना सगळे हॉटेलच म्हणतात. सकाळी सहाला चहा-पोहे, आठपासून मिसळ, बारा ते अडीच राईसप्लेट, चारनंतर भजी नि वडा, रात्री साडेआठला दुकान बंद. तालुक्याच्या गावाचा दिवस या वेळापत्रकाला धरून चालायचा. आता त्यातला मधला तुकडा गळायला लागला आहे. चहा चालू आहे, वडा चालू आहे, जेवण मात्र बंद. ‘राईसप्लेट मिळेल’ ही ओळ पाटीवर तशीच असते आणि आत विचारलं की ‘मिसळ आहे, पाव आहे’ एवढंच कळतं.

मालकाचा धंदा आहे, परवडत नसेल तर तो बंद करणारच, असं म्हणून हा विषय सोडून दिला जातो. तो सोडून देऊ नये. तालुक्याच्या गावी आलेल्या माणसाला दुपारी बसून, परवडेल अशा भावात जेवता येणं ही स्टँडवरच्या बाकासारखी आणि पाण्याच्या नळासारखी सार्वजनिक सोय आहे. शिवाय हे जेवण जिथे शिजतं ती जागा बऱ्याच गावांत मालकाची नसतेच. ती नगरपालिकेच्या व्यापारी संकुलातली असते, बाजार समितीच्या आवारातली असते किंवा एस.टी.च्या उपाहारगृहाची असते. म्हणजे जागा लोकांची आहे, आणि ती कोणत्या अटींवर द्यायची हे लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात किंवा सरकारी महामंडळात ठरतं. जेवण का बंद पडतं याचं निम्मं उत्तर त्या अटींमध्ये सापडतं, आणि उपायही तिथेच आहे.

या टेबलांवर जेवायला बसतं कोण? सात-बाराच्या दुरुस्तीसाठी आलेला शेतकरी, निराधार योजनेच्या हयातीच्या दाखल्याला आलेली म्हातारी, कोर्टाची तारीख असलेला माणूस, ग्रामीण रुग्णालयात रुग्णासोबत आलेला नातेवाईक, दहावी-बारावीच्या परीक्षेला मुलाला घेऊन आलेला बाप. ही माणसं हौसेनं बाहेर जेवत नाहीत. काम अर्धवट राहिलेलं असतं म्हणून ती अडकलेली असतात. फेब्रुवारी २०२० अखेर राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली आणि जेवणाची सुट्टी दुपारी एक ते दोनच्या दरम्यान अर्ध्या तासाची ठरली. खिडकी एकला बंद झाली की कर्मचारी डबा उघडतात आणि बाहेर थांबलेले सगळे एकाच वेळी हॉटेल शोधतात. शनिवारची कामंही आता उरलेल्या पाच दिवसांत येतात.

येणारी माणसंही बदलली आहेत. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्ध्या तिकिटात. दोन्ही निर्णय चांगलेच आहेत. ज्या बाईचं काम पूर्वी घरातला पुरुष करून यायचा, ती आता स्वतः तालुक्याला येऊ शकते. पण तिकिटाचा विचार झाला आणि उतरल्यानंतरच्या चार तासांचा राहून गेला. पंचाहत्तरीचा माणूस उभ्यानं वडापाव खाऊन दिवस काढू शकत नाही. मधुमेहाची गोळी जेवणाच्या वेळेशी बांधलेली असते. बायपासवरच्या नव्या हॉटेलांत चांगलं जेवण मिळतं, पण तिथं गाडी असलेला माणूस जातो. स्टँडपासून तीन किलोमीटर चालत कोणी थाळी खायला जात नाही.

आता स्वयंपाकघरात डोकावू, कारण जेवण बंद होण्याचं कारण ‘लोकांची आवड बदलली’ एवढ्यावर संपत नाही. एका साध्या राईसप्लेटमध्ये तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ किंवा रस्सा, वरण किंवा आमटी, भात, कांदा-लिंबू, पापड आणि एखादी वाटी ताक असतं. शंभर ताटं धरली तर तांदूळ नऊ ते दहा किलो लागतो. किलोभर तांदळाचा साधारण पावणेतीन किलो भात होतो, म्हणजे ताटाला पाव किलोवर पडतो. कणीक अकरा किलो. एका किलोत पाणी पकडून सोळाशे-साडेसोळाशे ग्रॅमचा गोळा होतो आणि त्याच्या साठ ग्रॅमच्या सत्तावीस पोळ्या निघतात. तूरडाळ तीन किलो. मटकी साडेतीन किलो, पण ती आदल्या दिवशी सकाळी भिजत घालून रात्री फडक्यात बांधायला हवी, नाहीतर दुसऱ्या दिवशी मोड अर्धेच येतात आणि उसळ कचकचीत लागते. सुक्या भाजीला निवडून-चिरून दहा किलो माल. तीनशे पोळ्या लाटायला एक आणि भाजायला एक अशा दोन बायकांचे अडीच-तीन तास सहज जातात. शिवाय ताटं. चहाला एक कप-बशी धुवायची असते, जेवणाला एक ताट, तीन वाट्या, एक पेला आणि एक चमचा. शंभर ताटांची सहाशे भांडी दोन तासांत मोरीत येऊन पडतात.

यात चुका कुठे होतात हे जुन्या आचाऱ्यांना पाठ असतं. भात अकरा वाजता एकदाच टाकला की पावणेदोनला पातेल्यात वरचा सुकतो आणि खालचा चिकट होतो. तीन खेपांत टाकावा लागतो. कोमट पडलेला भात तासन्‌तास ठेवून पुन्हा वाढला तर पोटं बिघडतात, कारण शिजवताना न मरणारे जंतू कोमट भातात वाढतात. म्हणून गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर राखायचं, म्हणजे पातेलं उकळत्या पाण्याच्या परातीत उभं ठेवायचं. पोळ्या गरम असतानाच स्टीलच्या डब्यात झाकल्या की घाम येऊन तळाच्या लगदा होतात. दुरडीत कापड घालून ठेवल्या तर टिकतात. वरण एक वाजेपर्यंत घट्ट होतं आणि गर्दीत त्यात नळाचं पाणी ओतलं जातं. मग दीडला आलेल्या माणसाच्या वाटीत हळदीचं पाणी पडतं. तेवढं पाणी शेगडीवर उकळतं ठेवून घातलं आणि वरून पळीभर ताजी फोडणी दिली तर हे टळतं. पण त्यासाठी शेगडीपाशी एक माणूस वेगळा लागतो, आणि जेवण बंद करताना मालक सगळ्यात आधी कमी करतो तो हाच माणूस.

खरा हिशेब खुर्चीचा आहे. धरून चालू की हॉटेलात दहा टेबलं आणि चाळीस खुर्च्या आहेत. जेवायला बसलेला माणूस पंचवीस-तीस मिनिटं खुर्ची अडवतो. चहा-वडा खाणारा दहा मिनिटांत उठतो. बारा ते अडीच या अडीच तासांत कागदावर प्रत्येक खुर्चीला पाच माणसं बसवता येतील, पण सगळे एक ते पावणेदोनमध्ये येतात, म्हणून प्रत्यक्षात अडीच पाळ्या झाल्या तरी दिवस चांगला गेला म्हणायचा. म्हणजे शंभर ताटं. त्यासाठी सकाळी सातपासून चार माणसं राबलेली असतात. उरलेली भाजी संध्याकाळी विकता येत नाही, उरलेलं वड्याचं सारण मात्र विकता येतं. जेवणात सुटतं थोडं, तेही माल वाया गेला नाही तर.

तरीही ही हॉटेलं पन्नास-पन्नास वर्षं जेवण देत राहिली, ती दोन आधारांवर. पहिला आधार ‘मेंबरां’चा. बदलून आलेले शिक्षक, बँकेतले कारकून, तलाठी आणि वसतिगृहात जागा न मिळालेले विद्यार्थी महिन्याचे पैसे आगाऊ भरून कूपन घ्यायचे. त्यामुळे चाळीस ताटं नक्की जाणार हे आचाऱ्याला सकाळीच ठाऊक असायचं, आणि वाया जाण्याचा धोका फक्त वरच्या साठ ताटांपुरता असायचा. आता नोकरदार जिल्ह्याच्या गावाहून दुचाकीवर ये-जा करतात किंवा डबा लावतात. दुसरा आधार चहाचा. चहात आणि तळणात चार पैसे जास्त सुटायचे आणि त्यातून जेवणाची तूट भरून निघायची. हे कुठे लिहिलेलं नसे, पण गल्ल्यावर बसणाऱ्याला रोज दिसायचं.

हा दुसरा आधार गेल्या दहाएक वर्षांत सुटला. शे-दीडशे चौरस फुटांच्या गाळ्यात, बसायला खुर्ची नसलेली, फक्त चहा विकणारी साखळी दुकानं प्रत्येक चौकात उघडली. त्यांचा चहा वाईट असतो असं म्हणायचं कारण नाही. पण जिथे सुटतं तेवढाच भाग त्यांनी उचलला, आणि मोरी, आचारी, सहाशे भांडी, बसायचे बाक हे सगळं जुन्या हॉटेलाच्या गळ्यात राहिलं. आता हीच दोन दुकानं नगरपालिकेच्या एकाच लिलावात समोरासमोर येतात. चहावाल्याला गाळा लहान पुरतो, माणसं दोन लागतात, माल उरत नाही. तो भाड्याची बोली सहज वर नेतो. जेवण देणारा तिथवर पोचूच शकत नाही. आणि चुकून पोचलाच, तर वाढीव भाडं भरण्यासाठी पहिलं काम करतो ते राईसप्लेट बंद करण्याचं.

जास्तीत जास्त भाडं देईल त्याला गाळा, हा नियम पारदर्शक वाटतो आणि लेखापरीक्षणात सोपा जातो. मोबाईलच्या दुकानाला, कपड्याच्या दुकानाला तो लावायला काहीच हरकत नाही. पण स्टँडचं उपाहारगृह आणि कचेरीसमोरचे एक-दोन गाळे वेगळे काढून तिथे बोली उलटी लावली पाहिजे. भाडं रास्त दरानं आधीच ठरवून टाकायचं आणि बोली ताटाच्या भावावर घ्यायची. ठरलेलं ताट जो सगळ्यात कमी भावात देईल त्याला गाळा.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: भाव कमी लावून जागा मिळवतील आणि मग ताटातलं चोरतील. म्हणून ताट वजनात लिहायला हवं. हे काम सरकारनं एकदा केलेलंच आहे. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन योजना सुरू झाली तेव्हा तीस-तीस ग्रॅमच्या दोन पोळ्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण असं ताट ठरलं. गिऱ्हाइकानं दहा रुपये द्यायचे आणि ताटाची किंमत शहरी भागात पन्नास, ग्रामीण भागात पस्तीस रुपये धरून वरची रक्कम सरकारनं द्यायची, अशी रचना होती. ते ताट अंगमेहनत करणाऱ्याला अपुरं आहे, पण ‘एक वाटी भाजी’ असं मोघम न लिहिता ग्रॅम लिहिले हे बरोबर झालं. वाटीचा तळ जाड करता येतो, वजनाचं तसं होत नाही. उपाहारगृहाच्या करारात तीन पोळ्या, सव्वाशे ग्रॅम भाजी, तेवढीच उसळ, सव्वाशे ग्रॅम वरण आणि दोनशे ग्रॅम भात असं लिहावं, आणि गल्ल्याशेजारी गिऱ्हाइकाला वापरता येईल असा वजनकाटा ठेवावा.

मग शिवभोजनासारखं अनुदानच का देऊ नये? कारण ताटामागे मिळणारं अनुदान तिजोरीच्या तब्येतीवर चालतं. हप्ते थकले की केंद्र चालवणारा आधी डाळ पातळ करतो आणि नंतर दार लावतो. १९९५ मध्ये आलेली एक रुपयात झुणका-भाकर आठवावी. मोक्याच्या सरकारी जागा दिल्या गेल्या, अनुदान थांबलं, आणि बऱ्याच केंद्रांवर झुणका सोडून बाकी सगळं विकलं जाऊ लागलं. जागा गेली ती गेलीच. अनुदान थांबू शकतं हे गृहीत धरूनच रचना करायला हवी आणि जागेला जेवणाची अट करारानं बांधायला हवी. जेवण थांबलं की जागा परत, एवढं सरळ. नगरपालिकेला यात पैसे वाटावे लागत नाहीत, दोन गाळ्यांचं वरचं भाडं तेवढं सोडावं लागतं.

जुन्या हॉटेलाची बाजू घेताना जुन्यातलं सगळंच सांभाळायचं नाही, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत या हॉटेलांचे कप जातीप्रमाणे वेगळे होते. कुणाला बाहेर उभं राहून चहा घ्यावा लागे आणि स्वतःचा कप स्वतः विसळावा लागे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित माणसानं चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावत. त्यांना नेमकं ठाऊक होतं की समता अशाच टेबलावर येते किंवा अडते. पुढे राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं सर्वांना खुली असतील हे स्वतंत्रपणे लिहिलं गेलं. उपाहारगृह ही सार्वजनिक बाब आहे हे घटनेनं मानलेलंच आहे. नगरपालिकेच्या भाडेकरारालाच ते दिसत नाही.

जुन्या स्वस्ताईतला काही भाग लहान मुलांच्या कष्टातून आला होता, हेही विसरता येत नाही. कप-बश्या विसळणारा ‘पोऱ्या’ दहा-बारा वर्षांचा असे. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेलं, ढाबे आणि चहाच्या टपऱ्यांवर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आली, आणि ती यायलाच हवी होती. म्हणून ताटाचा भाव ठरवताना भांडी धुणाऱ्याची पूर्ण मजुरी त्यात धरलेली असली पाहिजे. पंचवीस वर्षांपूर्वीचा भाव आता मिळणार नाही आणि तो मागूही नये.

बायकांचा प्रश्न आजही अर्धाच सुटला आहे. जुन्या हॉटेलात आतल्या बाजूला प्लायवूडचा आडोसा आणि पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’ असते. सोबत पुरुष असला तर बाई तिथे बसते. एकटी आलेली बाई बाहेरच्या बाकांवर पुरुषांच्या गर्दीत बसत नाही. ती स्टँडवर पदराआड भाकरी खाते आणि संडासला जावं लागू नये म्हणून पाणी टाळते. यासाठी करारात तीन गोष्टी हव्यात. दर्शनी भागातली दोन टेबलं बायकांसाठी आणि वृद्धांसाठी. आतून कडी लागणारा, पाणी असलेला संडास, ज्याची चावी गल्ल्यावर मागावी लागणार नाही. आणि घरची भाकरी आणलेल्याला नुसती उसळ किंवा रस्सा घेऊन टेबलावर बसता येईल, अशी मुभा. बाजाराच्या दिवशी भाकरी घरची आणि रस्सा हॉटेलचा ही जुनी रीत आहे. पूर्ण ताटाचे पैसे नसणाऱ्याला तिनंच आजवर हॉटेलात बसायला जागा दिली आहे.

स्वच्छतेच्या नावाखाली ही हॉटेलं बंद व्हावीत असं म्हणणाऱ्यांनी थोडं बारकाईनं पाहावं. अडचण बहुतेक वेळा दोन जागी असते, कढईत आणि फडक्यात. तळणाच्या तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, हा नियम २०१८ पासून आहे. तेल काळं पडलं, फेस बसेना, घाणा टाकण्याआधीच धूर यायला लागला, की यंत्राशिवायही कळतं. ताज्या तेलाची भर घालत तीच कढई आठवडाभर चालवणं हा खरा दोष आहे, आणि तो नव्या चकचकीत दुकानातही तितकाच असतो. दुसरं म्हणजे टेबल पुसायचं ओलं फडकं. एकच फडकं दिवसभर सगळ्या टेबलांवर फिरतं. दर तासाला बदलायची सहा फडकी आणि ती उकळायला एक पातेलं, एवढ्यानं फार फरक पडतो. यातलं काहीही टाइल्स आणि काचेच्या दरवाजावर अवलंबून नाही.

करारातल्या आणखी दोन बाबी दिसायला लहान आहेत, पण तिथेच सगळं फसतं. मुदत तीन वर्षांची असेल तर कोणी धुराड्यावर, मोरीच्या उतारावर, धान्याच्या कोठीवर खर्च करत नाही. नऊ-दहा वर्षं दिली तर करतो. आणि पोटभाडेकरू. गाळा एकाच्या नावावर, चालवतो दुसरा आणि भाडं दुप्पट, हे तालुक्याच्या गावांत उघड गुपित आहे. रास्त भाड्यानं दिलेला गाळा पोटभाड्यानं गेला तर सवलत मधल्या माणसाच्या खिशात जाते आणि ताट पुन्हा महाग होतं. म्हणून गल्ल्याचं बिल मूळ भाडेकरूच्याच नावानं फाडलं गेलं पाहिजे, आणि वर्षातून दोनदा आगाऊ न सांगता तपासणी झाली पाहिजे. तपासणीची वेळ दुपारी दीडची असावी, कारण वरणात पाणी पडतं ते त्याच सुमाराला.

गाळ्यांची मुदत संपायच्या चार-सहा महिने आधी नव्या लिलावाच्या अटी-शर्ती सर्वसाधारण सभेपुढे येतात. विषयपत्रिकेत ती एक ओळ असते आणि बहुतेकदा चर्चेशिवाय मंजूर होते. नगरसेवकाला भेटायचं ते त्या सभेच्या आधी, आणि मागायचा तो त्या अटींचा मसुदा. ताटाचं वजन, जेवणाची वेळ बारा ते अडीच, कचेरी उघडी असेल आणि बाजार भरेल त्या प्रत्येक दिवशी जेवण चालू, न दिल्यास दिवसामागे दंड, आणि आजचा भाव खडूनं लिहिलेला काळा फळा रस्त्यावरून वाचता येईल असा दारात. मसुद्यात हे सगळं एका पानात बसतं.